वाळूत उतरणारी टोपली

मी एक जुनी टोपली आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. भाजीच्या, धुण्याच्या, कोंबड्या झाकायच्या टोपल्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील, पण माझे काम निराळे आहे. मी माणसाच्या डोक्यावर उलटी बसते, त्याचे तोंड झाकून खांद्यापर्यंत येते आणि त्याच्याबरोबर वाळूच्या खोल चरात उतरते. पोर्तुगालमधल्या आमच्या कोलारेसच्या किनाऱ्यावर माझ्यासारख्या टोपलीवाचून द्राक्षाची एक वेल लागली नसती आणि वाईनचा एक थेंब पिंपात पडला नसता. तुम्ही म्हणाल, टोपलीला केवढा हा तोरा! असू दे. फुकट नाही आलेला तो.

माझा जन्म ओढ्याकाठी झाला. तिथे वाळुंजाची झाडे होती आणि त्यांच्या सावलीत किटेरिया मावशी बसायची. गावातल्या सगळ्या टोपल्या तिच्या हातच्या. ती फांद्या कापायची, सोलायची, पाण्यात भिजत घालायची आणि मग मांडीवर घेऊन विणायला लागायची. विणताना तिची जीभ हातापेक्षा जोरात चालायची.

"अगं ए, सरळ राहा!" ती मला दटावायची. "तू काय बटाटे वाहायला जन्मलीस? उद्या तुझ्यात माणूस श्वास घेणार आहे."

मला न्यायला लिबानियो आला. आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा गडी. चर खणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने मला तिथेच डोक्यावर घालून पाहिले आणि आतूनच ओरडला, "मावशी, जरा मोठी हवी होती."

"टोपली बरोबर आहे. तुझं डोकं फुगलंय," मावशी म्हणाली.

लिबानियो इतका हसला की मी त्याच्या डोक्यावर डुगडुगले. त्याने मावशीला वाईनचा एक बुधला आणि पोतंभर सफरचंदे दिली आणि मला घेऊन घरी आला. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

आता तुम्ही विचाराल, द्राक्षे लावायला एवढे खोल उतरायचे कशाला? आमच्या समुद्राकाठी वरची सगळी जमीन वाळूची आहे. वेलीचे अन्न वाळूच्याही खाली, चिकणमातीत असते. म्हणून आमची माणसे हिवाळ्यात, वाळू ओली असताना, चर खणतात. कुठे एक पुरुष खोल, कुठे दोन पुरुष, कुठे त्याहूनही खोल, पण माती लागेपर्यंत थांबायचे नाही. त्या मातीत वेलीचा पाय रोवायचा आणि वेल जशी वर येईल तशी दरवर्षी थोडी थोडी वाळू परत लोटायची. वेडेपणा वाटतो ना? पण ह्याच वेडेपणाने आमच्या वेली वाचल्या. फार पूर्वी मुळे खाणारा एक किडा आला आणि त्याने देशोदेशीच्या द्राक्षबागा फस्त केल्या. बाकीच्यांना परक्या मुळांवर कलमे बांधावी लागली. आमच्याकडे तो किडा वाळूत शिरला आणि तिथेच त्याची जिरली. त्याला वाळूत चालताच येईना! म्हणून आमची काळी रामिस्को द्राक्षे आजही आपल्याच मुळांवर आहेत.

खणताना वाळूची भिंत शहाण्यासारखी उभी राहते. पण तिची लहर फिरली की ती सूचना न देता खाली येते आणि माणूस उभाच्या उभा गाडला जातो. तिथे माझे काम. भिंत कोसळली तरी माझ्या पोटात थोडी हवा उरते. वरची माणसे वाळू उपसेपर्यंत ती पुरवून पुरवून वापरायची असते. लिबानियो असा दोनदा गाडला गेला आणि दोन्ही वेळा शिव्या देत बाहेर आला. घरी गेल्यावर मात्र त्याने मला गुपचूप थोपटले होते.

आमच्यात एक रीत आहे. माती लागली की पहिला गोळा घमेल्यातून नाही, माझ्यातून वर जातो. खणणारा मला डोक्यावरून काढतो, सरळ करतो, माझ्या तळाशी तो गोळा ठेवतो आणि दोरीने वर पाठवतो. वर बायका उभ्या असतात. त्या गोळ्याची वळी करून बोटाला अंगठीसारखी गुंडाळतात. अंगठी तुटली नाही तर माती खरी, मग बाटली उघडायची. आणि आणखी एक गोष्ट, खणायची टोपली कधीही धुवायची नाही. धुतली तर खणणाऱ्याचा श्वास धुतला जातो, असे सगळे मानतात. त्यामुळे लिबानियोने गावात द्राक्षांच्या ज्या ज्या वाड्या खणल्या, त्या साऱ्यांची माती माझ्या विणीत अडकून वाळून बसली होती. एके ठिकाणची पिवळी, एके ठिकाणची तांबूस, कड्याजवळच्या वाडीतली राखाडी. मला त्या डागांचा फार अभिमान होता.

पण मित्रांनो, ह्या सगळ्या वाड्या दुसऱ्यांच्या होत्या. लिबानियोची स्वतःची जमीन एकच होती, समुद्राकडची एक वाळूची टेकडी. तिथे आपली वाडी करायची हे त्याचे आयुष्यभराचे मनोरथ होते. एका हिवाळ्यात त्याने ती खणायला घेतली. त्याची मुलगी फाउस्तिना तेव्हा परकरी होती आणि मुलगा आदेलिनो तिच्याहून लहान. संत मार्टिनचा सण तोंडावर आला होता. घरोघरी चेस्टनट भाजायची तयारी चालली होती आणि नव्या वाईनची पिंपे उघडायची सगळ्यांना घाई झाली होती. आदल्या दिवशी धो धो पाऊस पडून गेला होता. सणाच्या सकाळी चराच्या तळाशी काळाभोर, ओला थर लागला. लिबानियोने त्याचा गोळा माझ्यात ठेवून वर पाठवला. बायकांनी अंगठी केली. अंगठी टिकली!

"लागली रे लागली!" असा एकच गलका झाला. बाटल्या उघडल्या, नाच झाला, आणि दुसऱ्याच दिवशी वेली लावल्या.

मला मात्र संध्याकाळीच कळले होते. चिकणमाती माझ्या विणीला जळूसारखी चिकटते, ती हाताने खरवडली तरी निघत नाही. हा काळा थर वाळला आणि भुगा होऊन माझ्यातून गळून पडला. तो कुठल्या तरी जुन्या रानाचा पालापाचोळा होता, वाळूखाली गाडला गेलेला आणि पावसाने चिकट झालेला. खरी माती अजून खाली होती. पण टोपलीला कोण विचारतो! मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड कुठे होते?

दोन वर्षे वेली हिरव्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी उन्हाळा कडक आला आणि एकूण एक वेल जळून गेली. लोकांनी त्या टेकडीचे नाव ठेवले 'लिबानियोचे वाळवंट'. लोकांना काय, नाव ठेवायला पैसे पडत नाहीत. लिबानियो मात्र त्या दिवसानंतर मोठ्याने हसला नाही. 'माझ्या जमिनीत मातीच नाही' एवढेच तो म्हणायचा. त्याने मला पडवीत खुंटीला टांगले आणि पुन्हा कधी हात लावला नाही.

मग माझे हालाचे दिवस सुरू झाले. माझ्यात कांदे ठेवले. कांदे संपल्यावर एका कोंबडीने माझ्यात अंडी घालायला सुरुवात केली. श्वासाच्या टोपलीत अंडी! मी रागाने कुरकुरले, तर ती बया आणखीच आरामात बसली. अशी कितीतरी वर्षे गेली. लिबानियो गेला. गावात चर खणणारे म्हातारे झाले, मेले. नवी वाडी कुणी लावेना. किनाऱ्यावर उन्हाळ्यात राहायचे बंगले उभे राहू लागले.

मग एक दिवस पडवीत दोन आवाज चढले. फाउस्तिना आता चाळिशीची झाली होती. बापासारखीच आडव्या बांध्याची, आणि लोकांच्या वाड्यांत राबून हात राठ झालेली. आदेलिनो जवळच्या सिंत्रा गावात मोटारी दुरुस्त करायचा. लिस्बनचा एक गृहस्थ टेकडीवर बंगले बांधायला ती विकत मागत होता आणि दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"ताई, तिथं मातीच नाही हे बाबा स्वतः म्हणायचे," आदेलिनो म्हणाला. "गवतसुद्धा नीट उगवत नाही. कशाला जीव अडकवून बसलीस?"

"बाबांची ती एकच जमीन होती रे. वाळवंट म्हणून ती विकायची? लोकांनी दिलेल्या नावावर आपणच शिक्का मारायचा?"

"मग काय, लोणचं घालायचंय तिचं?"

फाउस्तिना चिडली की तिला हाताला काहीतरी लागते. तिने कोंबडीला हुसकावले, अंडी काढली आणि मला खुंटीवरून खाली घेऊन झटकायला लागली. झटकता झटकता ती थांबली. तिने मला दारातल्या उजेडात धरले आणि बोटाने माझी वीण चाचपू लागली.

"आदेलिनो, इकडे ये. ही पिवळी माती कुणाची? बेल्मिरोच्या वाडीची ना? ही तांबूस गिरणीमागची. ही राखाडी कड्यावरची. मग आपली काळी माती कुठंय?"

"वाळून पडली असेल."

"तेच म्हणतेय मी! वाळून पडते ती चिकणमाती नव्हे."

"धुतली असेल कुणीतरी टोपली."

"खणायची टोपली? आपल्या घरात? बाबांनी हात तोडला असता धुणाऱ्याचा!"

आदेलिनोही वाकून माझी वीण बघू लागला. मला इतका आनंद झाला मित्रांनो, की काय सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला विचारले होते.

"बाबा माती लागण्याआधीच थांबले," फाउस्तिना हळू आवाजात म्हणाली. "माती नाही म्हणत म्हणत गेले बिचारे. मला एक हिवाळा दे. माती लागली तर सही नाही. नाही लागली तर तू म्हणशील तिथं सही करते, एक शब्द बोलणार नाही."

"आणि खणणार कोण? आता कुणाला येतं ते?"

"मी खणणार."

"तू? ताई, मी खाली उतरणार नाही हं, आधीच सांगतो." हे सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. लहानपणी बाप वाळूत गाडला गेलेला त्याने पाहिला होता. तेव्हापासून त्याने चरात कधी डोकावूनही पाहिले नव्हते. फाउस्तिनाने त्याला टोमणा मारला नाही. "तू वर थांब आणि दोरी धर," एवढेच ती म्हणाली.

हिवाळा आला. चर कुठे धरायचा, उतार कसा ठेवायचा हे दाखवायला फुल्जेंसियो काका आले. ते लिबानियोचे जुने जोडीदार, आता खोकल्याने हैराण झालेले, पण जीभ शाबूत. गावातली चारदोन माणसे तमाशा बघायला आली आणि कुडाआड बसून शेरे मारू लागली.

"काय फाउस्तिना, समुद्राचा तळ शोधतेस काय?"

"तुझी अक्कल पडलीय इथं कुठंतरी, तीच शोधतेय," फाउस्तिना खालून ओरडली. मी तिच्या डोक्यावर होते आणि तिचे शब्द माझ्यातून गाळून वर जात होते. तिच्या तोंडाला लसणाचा वास होता. कोंबडीपुढे तो मला अत्तरासारखा वाटला.

काळा थर लागला. फुल्जेंसियो काकांनी वरून पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. "इथंच आम्ही नाचलो होतो," ते म्हणाले. फाउस्तिनाने त्या थरात कुदळ घातली आणि खाली निघाली. खाली पुन्हा वाळू होती. पांढरी, कोरडी वाळू. दिवसामागून दिवस गेले, वाळूच येत राहिली. वरचे शेरे बंद झाले. लोकांना आता तिची दया येऊ लागली होती आणि ते शेऱ्यांपेक्षा वाईट होते. आदेलिनो दोरी ओढता ओढता म्हणायचा, "ताई, पुरे आता. तू प्रयत्न केलास, बाबांना पोचला." ती उत्तर द्यायची नाही. पण टोपलीच्या आत ती रडायची, ते मला माहीत आहे. मी ते कुणाला सांगितले नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

आणि एका दुपारी भिंत आली.

आवाजसुद्धा झाला नाही. एकदम अंधार, चारी बाजूंनी दाब, आणि माझ्या बरगड्या कडकडल्या. एक मोडलीच. वाळू माझ्या विणीवर येऊन थटली. थांब, थांब, मी म्हणत होते. माझ्या पोटात फाउस्तिनाचा चेहरा होता. "धर गं," ती पुटपुटली, "धर, सोडू नकोस." मग ती बोलली नाही. बापाने शिकवले होते तसे ती हळूहळू, मोजूनमापून श्वास घेऊ लागली. मी घाबरले होते. पण मी धरले, मित्रांनो! किटेरिया मावशीने विणलेला एकही पेड मी सोडला नाही.

वर फुल्जेंसियो काकांचा आवाज दबका दबका ऐकू येत होता, "फावडं नको! फावडं टाक! हातानं, हातानं!" आणि कुणीतरी कुत्र्यासारखे दोन्ही हातांनी वाळू उपसत होते. माझा तळ उघडा पडला, उजेड आला. तो आदेलिनो होता. चराच्या ढासळलेल्या काठावर पालथा पडून, कमरेपर्यंत आत लोंबकळत होता आणि मागून लोकांनी त्याचे पाय धरले होते.

"ताई! ताई, बोल काहीतरी!"

"ओरडू नकोस रे, कान फुटले माझे," फाउस्तिना आतून म्हणाली.

तिला वर काढले. शाल गुंडाळली, पाव आणि भाजलेले तारली मासे पुढे ठेवले. आदेलिनोने हातांची वाळूसुद्धा झटकली नव्हती. तो एकदम म्हणाला, "संपलं. उद्या सही करायची. मला जमीन नको, बंगला नको, मला बहीण हवी आहे." फाउस्तिना मान खाली घालून खात राहिली. मला वाटले, हरलो आपण.

"आणि तुझा एक बूट कुठंय?" आदेलिनोने विचारले.

"राहिला खाली."

"राहिला म्हणजे?"

"राहिला म्हणजे राहिला! तू ओढत होतास, पाय निघाला, बूट नाही निघाला. खाऊ दे मला."

आदेलिनो तिच्या उघड्या पायाकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "ताई, मी ओढत होतो तेव्हा तुझा डावा पाय येतच नव्हता. कुणीतरी खालून धरल्यासारखा. वाळू कधी कुणाचा बूट धरून ठेवते?"

फाउस्तिनाने हातातली तारली खाली ठेवली आणि माझ्याकडे हात केला.

"आज नाही!" आदेलिनो ओरडला. "खबरदार! आधी फळ्या लावू, भिंती टेकवू, मग."

दुसऱ्या दिवशी फळ्या लावल्या. फाउस्तिनाने मला माझ्या मोडक्या बरगडीनिशी डोक्यावर घातले आणि खाली उतरली. तिने ढासळलेली वाळू उपसली. तळाशी बूट होता, घोट्यापर्यंत रुतलेला, आणि त्याच्याभोवती पिवळी, गार, लोण्यासारखी माती. तिने मला सरळ केले. माझ्या तळाशी तो गोळा पडला तेव्हाच मी ओळखले. तो मला चिकटला! मी वर गेले ती राणीसारखी गेले.

बायकांनी अंगठी केली. अंगठी टिकली. कुणीतरी बाटलीला हात घातला, पण फुल्जेंसियो काकांनी त्याच्या हातावर चापट मारली. "या वेळी घाई नाही. वाळू दे ती अंगठी." मग साऱ्या गावाने ती चिमुकली अंगठी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तिची राखण केली. ती वाळली, घट्ट झाली आणि दगडावर आपटली तर खणकन वाजली. मग काय विचारता! फाउस्तिना हसली, आणि ते हसणे हुबेहूब लिबानियोचे होते. गावाच्या टोकापर्यंत ऐकू गेले.

त्या मातीत वेली लागल्या. त्यांना वाढवले कुणी ते आता ऐका. खालून चिकणमातीने पाणी पाजले. वरून आमचा वारा सदानकदा समुद्राचे मीठ घेऊन येतो. उभी वेल असती तर त्याने फाडून टाकली असती. म्हणून आमच्या वेली भोपळ्याच्या वेलासारख्या जमिनीवर सरपटतात आणि बोरूच्या काठ्यांच्या कुडाआड अंग चोरून बसतात. उन्हाळ्यात वाळू तापते तेव्हा फाउस्तिना एकेका फांदीखाली बोरूची छोटी कुबडी लावायची, म्हणजे घड भाजू नयेत. आणि ऊन जास्त झाले असे वाटेपर्यंत सिंत्राच्या डोंगरावरून धुके उतरायचे आणि सगळे गार करायचे. आतल्या गरम मुलखात द्राक्षे भराभर पिकतात, गोड होतात, मोकळी होतात. आमची द्राक्षे ह्या वाऱ्याधुक्यात रखडत रखडत पिकतात. लहान दाणा, जाड साल, आणि मनात राग धरल्यासारखी आंबट.

पहिली वाईन झाली तेव्हा आदेलिनोने घोट घेतला आणि त्याचे तोंड वाकडे झाले.

"ताई, ही वाईन आहे की खिळे?"

"आमची वाईन तरुणपणी अशीच असते," फुल्जेंसियो काका म्हणाले. "तिला राहू दे पिंपात. तिचा राग आपोआप उतरेल."

ती राहिली. वर्षे गेली, काकाही गेले. मग एका संत मार्टिनच्या सणाला फाउस्तिनाने ते पिंप उघडले आणि साऱ्या गावाला बोलावले. पूर्वी कुडाआड बसून शेरे मारणारेही आले, जरा ओशाळून. चेस्टनट भाजत होते. फाउस्तिनाने पहिला पेला आदेलिनोला दिला. तो प्यायला आणि त्याने लगेच आणखी एक घोट घेतला.

"का रे? खिळे?"

"नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "धुकं आहे यात. आणि मीठ. आपण लहान असताना बाबा समुद्रावरून घरी यायचे आणि आपल्याला उचलून घ्यायचे, तेव्हा त्यांच्या गालाला अशी चव असायची."

मग पेले फिरले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि बेल्मिरोच्या घरातल्या एका म्हाताऱ्याने पेला उंच धरून साऱ्यांदेखत म्हटले, "ही लिबानियोची वाडी!" तेव्हा कुणीही हसले नाही. सगळ्यांनी पेले उंचावले.

आता मी थकले आहे. ती मोडलेली बरगडी पुन्हा सांधली गेली नाही. मध्यंतरी किनाऱ्यावरच्या एका खानावळीचा मालक आला आणि मला भिंतीवर टांगायला मागू लागला. "सुंदर दिसेल हो, आत सुकी फुले घालीन," म्हणाला. फाउस्तिना म्हणाली, "तिला फुलं नकोत, तिला वारस हवाय." तिने मला मांडीवर घेतले आणि अलगद माझा काठ उसवला. मला जरा दुखले, खोटे कशाला बोलू. पण पेड कुठून येतो, कुठे दडतो, वाळू कशी अडते आणि हवा कशी जाते, हे तिला बघायचे होते. किटेरिया मावशी तर केव्हाच गेली होती, आणि ती विद्या आता फक्त माझ्याच अंगात उरली होती. फाउस्तिनाच्या पहिल्या तीन टोपल्या कोंबडीनेही घेतल्या नाहीत. चौथी मात्र जमली. हिरवी, कोवळी, वाळुंजाच्या वासाची.

ह्या हिवाळ्यात टेकडीचा दुसरा उतार खणायला काढला. फाउस्तिना टोपली उचलायला वाकली, तर आदेलिनोने ती आधीच उचलली होती. त्याचे केस आता पांढरे झाले आहेत.

"आज मी उतरतो," तो म्हणाला.

"अरे, तुला भीती वाटते ना?"

"वाटते की. म्हणून तर टोपली घालतोय."

मला चराच्या काठावर आणून ठेवले होते. मी पाहत होते. त्याने टोपली डोक्यावर घातली आणि चरात पाय टाकला. दिवस गेले, चर खोल गेला, काळा थर मागे पडला, पांढरी वाळू मागे पडली. आणि काल सकाळी खालून आवाज आला, "ताई! माती! ओढ वर!"

दोरी सरसर वर आली. त्या नव्या टोपलीच्या तळाशी पिवळा गोळा होता, आणि त्याला चिकटून बसलेला तिचा पहिला डाग. पोरीचा तोरा काय सांगू! माझ्याकडे बघेनासुद्धा. बघू नको म्हणावे, तिचा अधिकारच आहे तो.

मित्रांनो, तुमच्याही गावात, घरात माझ्यासारखे कुणी जुने असेल. त्याला सजवून भिंतीवर टांगू नका. त्याला खाली घ्या, उजेडात धरा आणि त्याची वीण कशी आहे ते विचारा. तेवढे शिकून घेतलेत की मग मला खुशाल विसरा.